चरबी कोणाची?
एनफिल्ड काडतुसाचा कच्चा माल आणि कंत्राटात न विचारलेला एक प्रश्न

व्यापार-उद्योगाच्या पानावर बंदुकीच्या गोळीचे काय काम, असे काही वाचक विचारतील. १८५७ च्या काडतुसांची गोष्ट तर सर्वांनी शाळेत वाचलेली आहे. गाईची आणि डुकराची चरबी, हिंदू-मुसलमान शिपायांचा संताप, मेरठ, दिल्ली, बहादूरशाह जफर. ही गोष्ट धर्माची आणि राज्याची म्हणून सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. पण ती एका कारखान्याची, एका कंत्राटाची आणि थोड्याशा बचतीचीही गोष्ट आहे. त्या अंगाने ती फारशी कोणी सांगत नाही. आमच्या वाचकांत ओतारी आहेत, चामड्याचे आणि साबणाचे व्यापारी आहेत, मालेगाव-भिवंडीचे यंत्रमागवाले आहेत. शिसे, चरबी, मेण, कागद हे त्यांच्या रोजच्या हाताखालचे जिन्नस. तेव्हा कारागिराच्या नजरेने हे काडतूस एकदा उलगडून पाहावे, असे आम्हास वाटले.

गोळी आणि नळी

कंपनी सरकारच्या शिपायाच्या हातात पूर्वी जी बंदूक असे तिला ‘ब्राऊन बेस’ म्हणत. तिची नळी आतून गुळगुळीत, पाऊण इंच व्यासाची. गोळी मात्र त्याहून बरीच लहान, सुमारे ०.६९ इंचाची, आणि वाटोळी. गोळी नळीत सैल बसे, त्यामुळे भरायला सोपी आणि लवकर भरली जाई. पण सुटताना ती नळीत आपटत जाई आणि शंभर यार्डांपलीकडे नेम म्हणजे नशिबाचा भाग. यावर उपाय माहीत होता. नळीला आतून पिळदार खाचा पाडायच्या, म्हणजे गोळी फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. यालाच रायफल म्हणतात. अडचण अशी की, खाचा धरायच्या तर गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठोकून ठोकून आत घालावी लागे. शत्रू समोर उभा असताना हे जमायचे कसे?

कोडे असे की, आत जाताना गोळी सैल हवी आणि बाहेर पडताना घट्ट. हे कोडे सोडविण्याच्या कामी हिंदुस्थानचाही हात लागलेला आहे. ३४ व्या पलटणीचा कॅप्टन जॉन नॉर्टन दक्षिण हिंदुस्थानात असताना त्याने तेथील फुंकनळीचे बाण पाहिले. त्या बाणांच्या बुडाला कमळाच्या देठातील भेंडासारखा गाभा लावलेला असे. फुंकर मारली की तो फुगून नळीला चिकटे आणि हवा बाजूने निसटत नसे. त्यावरून नॉर्टनने १८२३ च्या सुमारास पोकळ बुडाची लांबट गोळी केली. बुडाखाली दारू पेटली की शिशाची कड फुगते आणि खाचांत बसते. विल्यम ग्रीनर या इंग्रज बंदूक-कारागिराने १८३६ साली याच तत्त्वावरची गोळी सरकारला दाखविली. सरकारने दोघांनाही वाटेला लावले. पुढे १८४९ साली मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याची गोळी गाजली, तेव्हा त्याच इंग्रज सरकारने तिच्या हक्कासाठी त्याला २०,००० पौंड मोजले. ग्रीनरने वर्षानुवर्षे तक्रार केल्यावर, मूळ कल्पना त्याची होती असे मान्य करून १८५७ साली त्याला १,००० पौंड मिळाले. फुंकनळीवाल्याला कोण विचारतो! घरच्या कारागिराला दारात उभे करायचे आणि तीच चीज परक्याकडून वीसपट भावाने घ्यायची, हा प्रकार आपल्या वाचकांना नवा नाही.

याच तत्त्वावर १८५३ ची एनफिल्ड रायफल बनली. नळी ०.५७७ इंच, म्हणजे सुमारे १४.६६ मिलिमीटर. गोळी ०.५६८ इंच, म्हणजे सुमारे १४.४३ मिलिमीटर. दोघांत अंतर पाव मिलिमीटरहूनही कमी. गोळीचे वजन ५३० ग्रेन, आपल्या हिशेबाने जवळजवळ तीन तोळे. ज्यांनी कधी शिसे ओतले आहे त्यांना या आकड्यांतली मेख लगेच कळेल. शिसे ३२७ अंशांवर वितळते, म्हणून सोपे वाटते. पण साचा थंड असेल तर गोळीला सुरकुत्या पडतात, हवा अडकली तर आत पोकळी राहते, वरची मळी नीट काढली नाही तर वजन चुकते. थंड होताना धातू आकसतो तो वेगळाच. म्हणून ओतलेली गोळी मापाच्या पोलादी कड्यातून दाबून काढतात, म्हणजे घेर एकसारखा होतो. इंग्लंडात वूलिच येथील कारखान्यात तर गोळ्या यंत्राने दाबून घडवू लागले होते. शिसेही मऊ आणि शुद्धच लागते. त्यात कथील किंवा अँटिमनी मिसळली की ते कडक होते आणि बूड फुगत नाही.

(येथे एक सूचना करून ठेवतो. परवान्याशिवाय काडतुसे बनविणे हा आज १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि आम्ही हे सांगतो आहोत ते इतिहास म्हणून. पण जाळ्याला शिसे लावणारे आमचे कोकणातील दालदी बांधव आणि जुन्या बॅटऱ्या गाळणारे शहरांतील कारागीर आजही शिसे वितळवितात. ते काम राहत्या घरात, स्वयंपाकाच्या चुलीवर, मुलांच्या जवळ कदापि करू नये. शिशाची धूळ आणि धूर मुलांच्या मेंदूला इजा करतात आणि ती इजा भरून येत नाही.)

वंगण कशासाठी?

काळी दारू पूर्ण जळून जात नाही. निम्म्याहून अधिक भाग काजळी आणि क्षार होऊन नळीतच राहतो. पाचदहा बार झाले की नळीत कडक कीट धरते. पाव मिलिमीटरच्या फटीत हे कीट बसले तर पुढची गोळी आत सरकत नाही. शिवाय नुसते शिसे खाचांना चाटून तेथेच चिकटते. म्हणून गोळीभोवती वंगण हवे. त्याने कीट मऊ राहते, शिसे चिकटत नाही आणि गोळी गजाने अलगद खाली बसते.

काडतूस म्हणजे कागदाची सुरळी. एका बाजूला दारू, दुसऱ्या बाजूला गोळी. दारूकडचे टोक शिपायाने दाताने तोडायचे, दारू नळीत ओतायची, मग काडतूस उलटे करून गोळीचे टोक नळीत घालायचे, उरलेला कागद फाडून टाकायचा आणि गजाने ठासायचे. वंगण लावलेले असे ते गोळीच्या बाजूला. म्हणजे दाताखाली येणारे टोक वेगळे आणि चरबीचे टोक वेगळे. कंपनीचे अधिकारी पुढे याच मुद्द्यावर बोट ठेवीत. पण उन्हाळ्याच्या दिवसांत कमरेच्या पाकिटात एकमेकांस लागून ठेवलेल्या काडतुसांत चरबी ठेवल्या जागी राहते काय? ज्याने जूनमध्ये चरबीचा डबा उघडला आहे त्याने उत्तर द्यावे. आणि हात तर लागणारच होते.

इंग्लंडातून आलेल्या कृतीप्रमाणे हे वंगण म्हणजे जनावराची चरबी आणि मधमाशीचे मेण यांचे मिश्रण, त्यात चरबीचा भाग मोठा. चरबी स्वस्त, मेण महाग. कृतीत ‘टॅलो’ एवढाच शब्द. इंग्लंडात तेवढा पुरतो. टॅलो म्हणजे बैल-गाईची किंवा मेंढीची वितळवून गाळलेली चरबी. डुकराच्या चरबीला त्यांच्याकडे निराळे नाव आहे. इंग्लंडातल्या शिपायाला तो टॅलो कोणत्या जनावराचा, हे विचारायचे कारण नव्हते. तोच कागद, तोच शब्द जहाजातून कलकत्त्याला उतरला. कारखानदाराने तो वाचला आणि बाजारातून टॅलो मागविला.

१८५३ चा इशारा

येथे कोणी म्हणेल की, साहेबाला आपल्या चालीरीती ठाऊक नव्हत्या. हे खरे नाही. नव्या काडतुसांवर या हवेचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी १८५३ साली काही नमुने हिंदुस्थानात आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंगाल फौजेचे अॅडज्युटंट-जनरल टकर यांनी लष्करी मंडळाला लेखी कळविले की, या वंगणात देशी शिपायांच्या धर्माला बाध येईल असे काही नाही हे ठाऊक झाल्याखेरीज ती काडतुसे देशी पलटणींना देऊ नयेत. इतका स्पष्ट इशारा. तो कागद मंडळाच्या दप्तरात पडून राहिला. वरपर्यंत पोहोचलाच नाही. काडतुसे शिपायांकडे पाहाऱ्यावर देऊन हवेची परीक्षा झाली, आणि अहवाल आला तो हवेविषयी.

१८५६ साली एनफिल्ड बंदुका आल्या. डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे शिक्षणाची केंद्रे ठरली. काडतुसे फोर्ट विल्यम, डमडम आणि मेरठ येथील कारखान्यांत बनू लागली. १८५७ च्या जानेवारीत डमडमच्या एका खलाशाने, म्हणजे कारखान्यातल्या मजुराने, एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातले पाणी मागितले. शिपायाने विटाळाचे कारण सांगून नाकारले. तेव्हा मजूर म्हणाला की, थांबा, गाई-डुकराच्या चरबीचे काडतूस दाताने तोडावे लागेल तेव्हा तुमची जात कुठे राहील ते पाहू. २२ जानेवारीला कॅप्टन राइट यांनी हे वरिष्ठांना कळविले. आम्हाला या प्रसंगात एक गोष्ट विशेष वाटते. अधिकाऱ्यांना जे माहीत नव्हते ते विचारण्याचे सुचले मजुराला. त्याचे म्हणणे सगळे खरे होते की नव्हते हा वेगळा प्रश्न. पण चरबीच्या कढईजवळ तो उभा होता, सचिव नव्हते.

मग सरकारला जाग आली. लष्करी सचिव कर्नल बर्च यांनी दारूगोळा विभागाचे प्रमुख ऑगस्टस अॅबट यांना विचारले की, वंगणात नेमके आहे काय? उत्तर आले ते असे: कृती इंग्लंडहून आल्याप्रमाणे चरबी आणि मेण. चरबी कंत्राटदाराकडून घेतलेली. ती कोणत्या जनावराची असावी किंवा नसावी याविषयी काही खास खबरदारी घेतलेली नाही.

या उत्तरात संपूर्ण प्रकरण आहे. सरकारने मुद्दाम गाईची चरबी घातली असा पुरावा यातून निघत नाही, आणि ती नव्हती असाही निघत नाही. कोणी विचारलेच नव्हते. बाजारात जी स्वस्त मिळते ती कंत्राटदार देणार. त्याला दोष कसा द्यावा? त्याला जे लिहून दिले तेच त्याने पुरविले. डुकराची चरबी खरोखर होती की नाही, याचा निकाल इतिहासकारांनाही लावता आलेला नाही, कारण निकाल लावण्यासारखा कागदच तयार झालेला नव्हता.

उशिरा केलेला खुलासा

२७ जानेवारीला हुकूम निघाला की, काडतुसे वंगणाशिवाय द्यावीत आणि शिपायांनी आपल्या पसंतीचे वंगण, मेण आणि तेल वगैरे, स्वतः लावावे. चांगला हुकूम. तीन वर्षे आधी निघाला असता तर! पण त्यावर दुसऱ्याच दिवशी अॅडज्युटंट-जनरलच्या कचेरीने उलट कळविले की, जुन्या रायफलवाल्या तुकड्या मेंढ्याची चरबी आणि मेण वर्षानुवर्षे वापरीत आहेत. आता एकाएकी वंगण बदलण्याचा गवगवा केला तर जे संशय घेत नव्हते तेही घेऊ लागतील. दोन्ही बाजूंनी अडचण. खुलासा करावा तर कबुली वाटते, न करावा तर लपवाछपवी वाटते.

संशय चरबीवरून कागदावर गेला. ६ फेब्रुवारीला बराकपूर येथे चौकशी बसली. शिपाई म्हणाले, हा कागद पूर्वीसारखा नाही; कापडासारखा चिवट आहे, जाळला की चरबीसारखा वास येतो. सरकारी रसायनतज्ज्ञाने कागद तपासून त्यात चरबी नसल्याचे लिहून दिले. त्या दाखल्याने एकाही शिपायाचे समाधान झाल्याचे दिसत नाही. दाताने तोडण्याऐवजी हाताने फाडण्याची नवी कवायत मार्चमध्ये मंजूर झाली. तोवर बहरामपूरच्या १९ व्या पलटणीने फेब्रुवारीच्या अखेरीस नकार दिला होता. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले, ८ एप्रिलला त्यांना फाशी झाली.

मेरठला २४ एप्रिल रोजी तिसऱ्या रिसाल्याच्या ९० निवडक स्वारांपुढे काडतुसे धरली गेली. ८५ जणांनी ती घेतली नाहीत. त्यांत निम्म्याहून अधिक आपले मुसलमान बांधव होते, बाकीचे हिंदू. काडतुसे जुन्याच पद्धतीची होती, नव्या वंगणाची नव्हती, आणि तोडायचीही हातानेच होती. तरी ते मागे हटले नाहीत. ९ मे रोजी सर्वांसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या. १० मे रोजी काय झाले ते सर्वश्रुत आहे. वास्तविक चरबी लावलेली नवी काडतुसे देशी शिपायांच्या हाती फारशी गेलीच नव्हती. व्यवहारातला विश्वास एकदा उडाला की चोख मालही कोणी हाती घेत नाही.

वार्ता किती दूर गेली? पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी उत्तरेच्या प्रवासाला निघाले होते. वाटेत शिपायांकडून ऐकलेली काडतुसांची हकीकत त्यांनी ‘माझा प्रवास’ या आपल्या पुस्तकात नमूद केली आहे. ३१ जुलैला कोल्हापुरात मुंबई फौजेची २७ वी पलटण उठली. तिची कारणे इतरही होती, पण ही कुजबुज तोवर सर्वत्र पोहोचलेली होती.

आता या कथेतला सर्वांत विचित्र भाग. केवळ कारागिरीच्या दृष्टीने पाहिले तरी ती चरबी या कामाला चुकीचाच माल होती. चरबी चाळीस-पन्नास अंशांत पातळ होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती कागदात झिरपून गोळी कोरडी पडते. शिवाय जुन्या चरबीतले आम्ल शिशाला खाते आणि गोळीवर पांढरा थर चढतो, म्हणजे मोठ्या कष्टाने साधलेले माप बिघडते. मधमाशीचे मेण ६२-६४ अंशांपर्यंत टिकते आणि शिशाला त्रास देत नाही. १८५७ च्या लढाईत खुद्द गोऱ्या पलटणींना ०.५६८ ची गोळी ठासणे कठीण झाले. त्यानंतर गोळीचा घेर ०.५५ इंच केला गेला आणि वंगणात चरबी कमी होऊन मेण मुख्य झाले. जे मेण शिपायाच्या धर्माला चालत होते तेच बंदुकीलाही चालत होते. आधी ते वापरले नाही, कारण टॅलो स्वस्त होता आणि कृती तशी लिहिलेली होती.

आपल्या गोदामात

हा माल आज आपल्या बाजारात आहे. सुताला खळ देणाऱ्या साइझिंगमध्ये धागा मऊ राहावा म्हणून टॅलो घालण्याची जुनी पद्धत आहे. पितळ-स्टीलला चकाकी देण्याच्या पॉलिशच्या वड्यांत तो असतो. साबणात, मेणबत्तीच्या स्टिअरिक आम्लात, चामडे मऊ करण्याच्या तेलात असतो. औषधाच्या कॅप्सूलचे जिलेटिन हाही त्याचाच भाऊबंद. पिंपावर लिहिलेले असते ते बहुधा ‘टॅलो’ किंवा ‘स्टिअरिक’. जनावराचे नाव नाही. स्टिअरिक आम्ल तर पामतेलापासूनही निघते आणि चरबीपासूनही, आणि दिसायला दोन्ही सारखेच पांढरे.

१९८३ साली वनस्पती तुपात आयात केलेली गाईची चरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर पेटले आणि सरकारला त्या चरबीची आयात बंद करावी लागली. २०२१ च्या डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने खाद्यपदार्थांतील प्रत्येक घटक वनस्पतीचा की प्राण्याचा हे उघड सांगावे, नुसता सांकेतिक क्रमांक पुरणार नाही, असा आदेश दिला. महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हशीला नाही. अशा वातावरणात चरबीची पिंपे भरलेला टेम्पो रस्त्यात अडविला गेला तर ‘मला काय माहीत, व्यापाऱ्याने दिली’ हे उत्तर कोणाला पटेल? चरबी वितळवून, गाळून, शुद्ध केली की जनावर कोणते हे ओळखणे प्रयोगशाळेलाही अवघड जाते. आणि रसायनतज्ज्ञाच्या दाखल्याचे बराकपुरात काय झाले ते वर आलेच आहे.

धान्याच्या राशीत हात घालून आतले ओले धान्य बाहेर काढणाऱ्या आणि ते वर का ठेवले नाहीस असे विक्रेत्यास विचारणाऱ्या प्रेषितांची (स.) हदीस आपल्या व्यापाऱ्यांना तोंडपाठ आहे. ती बहुधा विकणाऱ्याला सांगितली जाते. घेणाऱ्यानेही राशीत हात घालावा, असा तिचा दुसरा अर्थ आम्ही घेतो. हलाल-हराम हा आपला प्रश्न आहे. पण आपला हिंदू गिऱ्हाईकही तितकाच आपल्यावर विसंबलेला असतो, आणि त्याच्या श्रद्धेचा माल त्याच्या नकळत बिघडविणे ही अमानतीतली खयानतच आहे.

काम फार नाही. खरेदीच्या चिठ्ठीवर मालाचे नाव, वजन, भाव यांच्या खाली एक ओळ वाढवावी: कोणत्या जनावराची, कोणत्या कत्तलखान्याची. पुरवठादाराने तेथे ‘म्हैस’ किंवा ‘मेंढी-बकरी’ असे लिहून सही-शिक्का दिला आणि बिलावरही तेच उतरविले तर माल घ्यावा आणि ती चिठ्ठी गाडीबरोबर पुढे पाठवावी. ‘मिक्स आहे, सगळे घेतात’ असे तो म्हणाला तर पामतेलाच्या स्टिअरिनचा आणि मेणाचा भाव काढावा. किलोमागे फरक किती पडतो तो त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून पाहावा.